सिमेंटआधीचं काँक्रीट

सीताबर्डीत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं मी घेतो. शाळा-वसतिगृहाच्या गच्चीवर गेलो, की आधी कोबा ठोकून आवाज ऐकतो. पोकळ वाजला, तर समजायचं, आत पाणी मुरलंय.

हा कोबा सिमेंटचा नाही. इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात लाकडी साच्यांत काँक्रीटच्या भिंती ओतू लागले होते. जोसेफ अ‍ॅस्पडिनचं पोर्टलँड सिमेंटचं पेटंट १८२४चं. आपल्याकडे पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४मध्ये सुरू झाला. तोवर बहुतेक सिमेंट बोटीनं यायचं. म्हणून गच्चीच्या कोब्यात चुना, सुरखी (विटांची भुकटी) आणि विटांचे तुकडे! गूळ-बेलफळाचं पाणी शिंपडत बायका लाकडी थापीनं दिवसेंदिवस कोबा ठोकायच्या. हेही काँक्रीटच की!

अशा कोब्यावर सिमेंट फासणारा कंत्राटदार दिसला, की माझं डोकं फिरतं. ओल आतच कोंडते. भेगेत चुनाच भरायचा.