शाळेची भाषा कशी निवडावी?

जून महिना जवळ आला, की आमच्या अर्धापुरात दोन गोष्टींची चर्चा सुरू होते. एक पावसाची आणि दुसरी मुलांचे शाळेत नाव घालण्याची. अशाच एका संध्याकाळी शेजारचे चाचा माझ्याकडे आले. ते केळीचे घड ट्रकमध्ये भरण्याचे काम करतात. त्यांची मुलगी सहा वर्षांची झाली होती.

ते म्हणाले, "सर, मुलीला कोणत्या शाळेत घालू? तिची अम्मी म्हणते, उर्दू शाळेत घाला. माझा भाऊ म्हणतो, मराठी शाळेत घाला, पुढे नोकरीला उपयोग होईल. आणि माझं मन म्हणतं, पोट बांधून का होईना, इंग्रजी शाळेत घालावं. तुम्ही सांगाल तसं करतो."

चाचांचा हा प्रश्न साधा नव्हता. त्यांचा थोरला मुलगा चौथीपर्यंत उर्दूत शिकला होता. पाचवीत त्याला एकदम इंग्रजी शाळेत घातले. वर्गात पहिला येणारा तो मुलगा तिथे गप्प बसू लागला. गणित त्याला येत होते. पण गणितात काय विचारले आहे, तेच समजत नव्हते. दोन वर्षांनी त्याने शाळाच सोडली. धाकटीच्या बाबतीत पुन्हा चूक होऊ नये, ही चाचांची काळजी होती.

मुलांनो, एखादी भाषा शिकणे आणि एखाद्या भाषेतून शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही आठवड्यातले काही तास मराठी शिकता. ते झाले भाषा शिकणे. परंतु गणित, विज्ञान, भूगोल हे सगळेच विषय घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेतून शिकणे म्हणजे त्या भाषेत बुडी मारणे होय.

ही बुडी विहिरीतल्या पोहण्यासारखी असते. काठावर बसून कोणालाही पोहता येत नाही, त्यासाठी पाण्यात उतरावेच लागते. पण खेड्यात नवशिक्या मुलाला कोणी तसेच पाण्यात ढकलत नाही. त्याच्या पाठीला वाळलेला भोपळा बांधतात आणि शेजारी पोहणारा माणूस उभा राहतो. भाषेच्या बाबतीत मुलाची घरची भाषा हा तो भोपळा आहे आणि त्याची भाषा समजणारा शिक्षक हा तो पोहणारा माणूस आहे.

अशा शिक्षणाचा एक प्रसिद्ध प्रयोग कॅनडा देशात झाला. तेथील क्वेबेक प्रांतात बहुतेक लोक फ्रेंच बोलतात. मॉन्ट्रियल शहराजवळच्या सेंट लॅम्बर्ट गावात इंग्रजी बोलणारी काही कुटुंबे राहत होती. मुलांना शाळेत फ्रेंचचा तास असे, तरी त्यांना फ्रेंच नीट बोलता येत नसे. म्हणून पालकांनी स्वतः मागणी केली आणि १९६५ साली तेथे एक नवा वर्ग सुरू झाला. मुले इंग्रजी बोलणारी, पण शिकवणे सगळे फ्रेंचमधून! मॅकगिल विद्यापीठातील वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांची प्रगती अनेक वर्षे तपासली. मुले फ्रेंच चांगली शिकली आणि काही वर्षांनी त्यांचे इंग्रजीही इतर मुलांच्या बरोबरीला आले.

हे कसे घडले? शिक्षकांना मुलांचे इंग्रजी समजत होते. सुरुवातीला मूल इंग्रजीत बोलले, तरी ते रागावत नसत. पुढे शाळेत इंग्रजीचाही तास सुरू झाला. शिवाय घरी, बाजारात आणि पुस्तकांत इंग्रजी भरपूर होते. मुलांच्या पाठीचा भोपळा कोणी सोडून घेतला नव्हता.

अमेरिकेतील यूटा राज्याने २००८ साली अशा शिक्षणासाठी कायदा केला. तेथील काही सरकारी शाळांत मुले अर्धा दिवस चिनी भाषेतून आणि अर्धा दिवस इंग्रजीतून शिकतात. दोन भाषांसाठी दोन वेगळे शिक्षक असतात. चिनी लिपीत हजारो चिन्हे आहेत, त्यामुळे ती शिकायला वेळ लागतो. म्हणूनच मुले साधारणपणे पहिलीत प्रवेश घेतात आणि पुढची अनेक वर्षे त्याच मार्गाने शिकत राहतात.

आपल्या मराठवाड्याने याची दुसरी बाजू पाहिली आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. भारतीय भाषेतून विज्ञान आणि वैद्यक शिकवणे हे मोठेच काम होते. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलांना त्याचा फायदा झाला. मात्र मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या घरांतील मुलांना पुढे शिकायचे, तर उर्दूतून शिकावे लागे. काही जण त्यातूनही तरले आणि अनेक भाषांचे जाणकार झाले. पण वाट निवडण्याची मोकळीक त्यांना नव्हती. जे ओझे तेव्हा त्या मुलांवर पडले, तेच आज दुसऱ्या भाषेच्या रूपाने दुसऱ्या मुलांवर पडू नये, एवढे आपण त्यातून शिकले पाहिजे.

याच भागातील निलंगा येथे १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हे मोठे इतिहासकार होते. त्यांनी मराठी वाचकांना उर्दू काव्याची ओळख करून दिली. एक भाषा जवळ केली म्हणून दुसरी सोडावी लागत नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळते.

आपल्या राज्यघटनेनेही घरच्या भाषेचा विचार केला आहे. अल्पसंख्य भाषा बोलणाऱ्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे कलम ३५० क मध्ये म्हटले आहे. महाराष्ट्रात २०२० सालच्या कायद्याने सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा झाला. म्हणजे उर्दू शाळेत शिकणारे मूल मराठीला मुकत नाही. मात्र तो तास मन लावून शिकला पाहिजे.

आता लहान मुलांची एक गंमत सांगतो. उर्दू बोलणाऱ्या घरातील एक छोटा मुलगा मराठी शाळेत पहिलीत बसला. बाईंनी सांगितले, "वही खाली ठेवा." सगळ्यांनी वह्या जमिनीवर ठेवल्या. याने मात्र वहीत लिहिलेले सगळे खोडरबराने पुसून टाकले! कारण उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे. बाईंना उर्दू थोडे समजत होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी हसून दोन्ही अर्थ फळ्यावर लिहिले आणि सगळ्या वर्गाला एक नवा शब्द मिळाला. मुलगा त्या शाळेत रमला. जर बाईंनी त्याला छडी मारली असती, तर काय झाले असते, याचा विचार करा.

उर्दू आणि मराठी तशा एकमेकींना अनोळखी नाहीत. उर्दूचे पुस्तक उजवीकडून उघडते आणि मराठीचे डावीकडून. पण तारीख, अर्ज, वकील, हजर, कागद हे शब्द दोन्हीकडे भेटतात.

मी चाचांना कोणत्याही शाळेचे नाव सांगितले नाही. मी त्यांना चार प्रश्न विचारले. घरी मुलीचा अभ्यास कोण घेणार आणि तिला कोणती भाषा वाचता येते? त्या शाळेतल्या शिक्षकांना मुलीची भाषा समजते का? सुरुवात पहिलीपासून होणार आहे का, आणि पुढची पाच-सात वर्षे तीच भाषा ठेवता येईल का? आणि घरची भाषा लिहायला-वाचायला ती कुठे शिकेल?

तिसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. मुले नवी भाषा खेळता-खेळता दोनेक वर्षांत बोलू लागतात. पण त्या भाषेतून अभ्यास नीट समजायला पाच ते सात वर्षे लागतात, असे जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने दाखवून दिले. मूल फडाफडा बोलते म्हणजे त्याला धडाही समजतो, असे मानू नये. थोरल्या मुलाला ही वर्षे मिळालीच नव्हती.

चाचा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझा मुलगा ढ नव्हता!"

"मुळीच नव्हता," मी म्हणालो.

त्यांचे डोळे भरून आले. मुलीची अम्मी सातवीपर्यंत उर्दूत शिकली होती, ती रोज अभ्यास घेऊ शकत होती. मुलगी उर्दू शाळेत गेली. त्याच वर्षी चाचांनी थोरल्यालाही पुन्हा उर्दू शाळेत बसवले. संध्याकाळी तो बहिणीला मराठी वर्तमानपत्रातील मथळे वाचायला शिकवू लागला.

शेजारच्या दुसऱ्या घराने मराठी शाळा निवडली. त्या घरी दादी रोज रात्री नातवाला उर्दूत गोष्टी सांगते आणि उर्दू वाचायलाही शिकवते. ते मूलही आनंदाने शिकत आहे. दोन घरांनी दोन वाटा धरल्या. पण दोघांनीही पाठीचा भोपळा सोडला नाही.

मुलांनो, उद्या तुमच्या धाकट्या भावंडांसाठी घरात हाच प्रश्न निघेल. तेव्हा शाळेच्या इमारतीकडे किंवा गणवेशाकडे आधी पाहू नका. मूल वर्गात तोंड उघडून प्रश्न विचारू शकेल का, हे आधी पाहा.