माजघरातला कॅमेरा

साताऱ्याच्या जुन्या पेठेतील, वाईच्या घाटालगतच्या किंवा सांगलीच्या गावभागातील एखाद्या वाड्याच्या सोप्यात पाऊल टाकले म्हणजे देवादिकांच्या तसबिरींना लागूनच त्या घराण्याच्या तसबिरींची रांग सुरू होते, आणि ती क्रमाने पाहत गेले तर घरातील मंडळींची ओळख होण्यापूर्वी त्यांच्या प्रतिष्ठेची ओळख होते. मध्यभागी खुर्चीवर ताठ बसलेले कर्ते पुरुष. शेजारी मुंडावळ्या बांधलेले नवे जोडपे. कोणी चिरंजीव पलटणीत असेल, आणि ज्या मुलुखात अपशिंगे गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जडला आहे तेथे तो बहुधा असतोच, तर त्याचा गणवेशातला फोटो. कोणी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून शिकला असेल तर शिक्षकांसह बसलेल्या विद्यार्थ्यांचा लांबलचक ग्रुप फोटो. आणि अखेरीस हार घातलेली आजी. या आजीचा चेहरा पुष्कळदा धूसर असतो, कारण तिच्या हयातीत तिचा स्वतंत्र फोटो कोणी काढलेलाच नसतो. ती गेल्यावर कोणा भाच्याच्या लग्नातील समूहातून तिचे मुख तेवढे वेगळे काढून, मोठे करून, स्टुडिओतील कारागिराच्या कुंचल्याने डोळे पुन्हा रेखून ती तसबीर सिद्ध झालेली असते. जिने सारा जन्म त्या घराची चूल पेटती ठेवली, तिचा चुलीपाशी बसलेली असतानाचा एकही फोटो त्या घरात नसावा, ही गोष्ट कोणाला फारशी खटकत नाही. मला ती खटकते, आणि हा लेख लिहिण्याचे प्रयोजनही तेवढेच आहे.

इतिहासाच्या साधनांशी ज्यांचा थोडाफार परिचय आहे त्यांना हा दोष नवा वाटणार नाही. साताऱ्याच्या दरबारी कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला, त्याच्या आधी बखरकारांनीही लिहिला. परंतु पुढे गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर छत्रपती आणि पेशवे यांच्या रोजनिशींतील उतारे निवडले, तेव्हा त्यांवर लिहिलेल्या आपल्या निबंधात न्यायमूर्ती रानड्यांनी असे दाखवून दिले की, बखरी काय किंवा इंग्रजांचे ग्रंथ काय, राजकीय घडामोडींच्या पलीकडे सहसा जात नाहीत, आणि रयत कशी राहत होती हे जाणायचे तर दफ्तरातील नित्याच्या नोंदींकडेच वळावे लागते. जमाखर्च, इनाम, सारासूट, फिर्याद, दंड यांच्या त्या नोंदी कोणा कारकुनाने भविष्यकाळाचा विचार मनात न आणता केल्या, आणि म्हणूनच त्या विश्वासार्ह ठरल्या. आपल्या घरांतील अल्बम अद्याप बखरीच्याच अवस्थेत आहेत. त्यांत वर्षाचे चार-पाच दिवस ठळकपणे नांदतात. उरलेल्या दिवसांची रोजकीर्द कोणी लिहिलेलीच नाही.

असे होण्यास आरंभी सबळ कारणे होती. १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि थोड्याच वर्षांत ती मुंबईस पोहोचली. १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विद्येचा वर्ग निघाला, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारख्या एतद्देशीयांनी ती आत्मसात केली. पण त्या काळच्या काचेवर प्रतिमा उमटण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढा वेळ माणसाने हलायचे नाही, म्हणून मान स्थिर ठेवण्यासाठी खुर्चीमागे लोखंडी आधार उभा करीत. जुन्या फोटोंतील आपले पूर्वज रागावल्यासारखे दिसतात याचे बरेचसे श्रेय त्यांच्या स्वभावाला नसून या आधाराला आहे. शिवाय खर्च मोठा. त्यामुळे फोटो उतरवणे हा एक संस्कारच होऊन बसला, आणि संस्कार म्हटला की शालू, दागिने, मुहूर्त हे ओघाने आलेच. त्यात भर म्हणून समजुती होत्या: फोटोने आयुष्य घटते, तिघांचा एकत्र फोटो काढू नये, बारशाआधी तान्ह्याला कॅमेऱ्यासमोर नेऊ नये. या समजुतींना हसण्याचे कारण नाही; ज्या घरांत मुले वाचण्याचीच शाश्वती नव्हती त्या घरांनी धरलेली ती सावधगिरी होती.

ईस्टमनने १८८८ मध्ये कोडॅक आणि १९०० मध्ये एक डॉलरचा ब्राउनी बाजारात आणून पाश्चात्य कुटुंबांच्या हाती कॅमेरा दिला. आपल्या मध्यमवर्गीय घरांत तो खऱ्या अर्थाने शिरला तो स्वातंत्र्यानंतर, आणि पुष्कळांच्या बाबतीत आग्फा क्लिक-३ च्या रूपाने. बडोद्यास तयार होणारी ही काळी पेटी. तिला बॅटरी नाही, अंतर जुळवण्याची भानगड नाही. ऊन की ढग एवढे पाहून एक खटका सरकवायचा आणि दुसरा दाबायचा. एका रोलमध्ये चौरस फोटो निघत अवघे बारा. हे बारा फोटो घरात कसे खर्च होत हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या काटकसरीचे गांभीर्य माहीत आहे: चार महाबळेश्वरच्या सहलीला, तीन मुंजीला, दोन पाहुण्यांना, आणि रोल संपल्याशिवाय धुवायला द्यायचा नाही म्हणून उरलेले तीन कोणाचेही. कौतुकाची गोष्ट ही की, आज त्या रोलांतून ज्या फोटोंवर नजर ठरते ते बहुधा याच उरलेल्या तिनांपैकी असतात. परसात धुणे वाळत घालणारी काकू, सायकल पुसणारे चुलते, अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या दोघी जावा. हेतू नव्हता, केवळ रोल संपवायचा होता, म्हणून ही मंडळी माणसांसारखी दिसली.

याच संदर्भात दादासाहेब फाळक्यांचे स्मरण होते. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण करण्यापूर्वी त्यांनी घरातल्या कुंडीत वाटाण्याचा दाणा लावून त्याच्या वाढीची चित्रे एकाच जागेवरून क्रमाने टिपली, आणि त्या अंकुराची वाढ पडद्यावर दाखवून या धंद्यासाठी भांडवल मिळवले. पुढे त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला, कन्या मंदाकिनी ‘कालियामर्दना’त बाळकृष्ण झाली, आणि पत्नी सरस्वतीबाईंनी फिल्म धुण्यापासूनची कामे अंगावर घेतली. चित्रपटाचा इतिहास म्हणून हे सर्वज्ञात आहे. मला त्यातून गृहस्थाच्या उपयोगाचे एवढेच घ्यावेसे वाटते की, एकच जागा, एकच कोन आणि नियमित अंतर यांत विलक्षण सामर्थ्य आहे. दर पाडव्याला, गुढी उभारून झाली की, घरातील मुलांना त्याच दरवाजाच्या चौकटीत उभे करून एक फोटो काढावा. पाचव्या वर्षी तो गंमत वाटतो; पंधराव्या वर्षी चौकट तीच राहून माणसे बदलत गेलेली दिसतात, आणि कोणी घर सोडून गेले असेल तर तेही दिसते.

आता मोबाईल आला आणि बाराची मर्यादा गेली. तेव्हा रोजकीर्द आपोआप लिहिली जाईल असे वाटले होते, झाले भलतेच. २०१२ मध्ये पश्चिम घाटासह जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कासच्या पठारावर फुलांकडे पाठ करून हजारो माणसे स्वतःचीच छबी टिपतात, ठोसेघरला धबधबा पाठीमागे घेतात, आणि घरी परतल्यावर माजघरात तोच कॅमेरा खिशात निजलेला असतो. साधन स्वस्त झाले, दृष्टी मात्र स्टुडिओतल्या पडद्यासमोरचीच राहिली. बदल असेल तर तो इतकाच की पूर्वी हसायचे नव्हते आणि आता हसावेच लागते.

दृष्टी बदलण्यास फार विद्या लागत नाही. जुन्या घराचा उजेड हाच मोठा सहायक आहे. सोप्याच्या दारातून किंवा माजघराच्या खिडकीतून तिरपा येणारा सकाळचा प्रकाश चेहऱ्याची एक बाजू उजळतो आणि दुसरी सावलीत ठेवतो. तेथे फ्लॅश मारणे म्हणजे सुरकुत्यांवर चुना फासणे होय. मुलाचा फोटो काढायचा तर त्याच्या उंचीला बसावे. माणसाला हाक मारून आपल्याकडे पाहायला लावू नये. त्याच्या हातांकडे पाहावे, कारण कुटुंबाचा व्यवसाय, शीण आणि कसब हातांतच उतरलेले असते. आणि सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत हातांना कामाची काय वाण आहे! माघ-फाल्गुनात सांगलीकडे हळद शिजवून अंगणात पसरली जाते तेव्हा सारे घर पिवळे होते. तासगावाकडे बेदाण्याच्या शेडमध्ये घरच्या बाया जाळ्यांवर द्राक्षे पसरतात. बेंदराला धाकटा नातू बैलाच्या शिंगांना रंग लावताना स्वतःच रंगतो. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी लोणंद-तरडगावाकडे येते तेव्हा वारकऱ्यांसाठी पहाटे भाकऱ्या थापणाऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर चुलीचा उजेड असतो. पालखीचे फोटो वर्तमानपत्रांत छापून येतात. त्या भाकऱ्यांचा फोटो घरच्या माणसानेच काढला तर निघेल. आणि जो नेहमी फोटो काढतो तो स्वतः कोणत्याच फोटोत नसतो, हेही ध्यानी असावे. कॅमेरा अधूनमधून दुसऱ्याच्या, विशेषतः घरातील मुलांच्या, हाती द्यावा. मुले खालून वर पाहतात, आणि त्यांना आजी खरोखरच केवढी दिसते ते कळते.

एका गोष्टीचे तारतम्य मात्र हवे. नित्याचे टिपणे म्हणजे सारेच चव्हाट्यावर मांडणे नव्हे. आजारी म्हाताऱ्याची दैना, न्हाऊ घातले जाणारे मूल, रडणारी सून या गोष्टी घराच्या आहेत. त्या टिपाव्यात की नाही हे ज्याचे त्याला विचारावे, आणि टिपल्या तरी त्या घराबाहेर पाठवू नयेत.

काढलेले फोटो टिकवणे हा स्वतंत्र विषय आहे, आणि कृष्णाकाठी तो शिळोप्याचा विषय नाही. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ पासून नदीचे माप घेत उभा आहे. २००५ चा महापूर लोकांनी कमाल मानला होता, तो ऑगस्ट २०१९ मध्ये मागे पडला आणि पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. पुन्हा २०२१ मध्येही घरे बुडाली. भांडी घासता आली, भिंती पुन्हा रंगवता आल्या. परंतु लोखंडी पेटीतील अल्बम उघडला तेव्हा पाने एकमेकांना चिकटून बसलेली होती, अशी हकीकत नदीकाठच्या घरोघरी ऐकायला मिळते. अशा वेळी काय करावे हे आधी ठाऊक असलेले बरे. फोटोच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजला की मऊ होतो आणि वाळताना ज्याला टेकेल त्याला धरून बसतो. म्हणून भिजलेला गठ्ठा तसाच वाळू देऊ नये. स्वच्छ थंड पाण्यात तो ठेवून, प्रतिमेवर बोट न लावता एकेक फोटो कडेने अलगद सोडवावा, गाळ विसळून टाकावा, आणि प्रतिमा वर ठेवून कोऱ्या टीपकागदावर सावलीत वाळवावा. ऊन आणि गरम वारा दोन्ही वर्ज्य. हे दोन दिवसांच्या आत झाले पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. तेवढी सवड नसेल तर फोटोंच्या मध्ये मेणकागद घालून, पिशवीत बांधून ते बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत म्हणजे नासणे थांबते. ज्यांच्या निगेटिव्ह नाहीत ते फोटो आधी वाचवावेत. चौकटीच्या काचेला चिकटून वाळलेली तसबीर ओढून काढू नये. काचेसकटच तिचा नवा फोटो घ्यावा.

पूर न येताही नाश चालूच असतो. जुना कृष्णधवल फोटो शुद्ध चांदीच्या कणांचा असल्यामुळे नीट धुतलेला असेल तर शतकभर टिकतो. रंगीत फोटोतील रंगद्रव्ये मात्र उजेडाने उडतात, म्हणून नव्वदच्या दशकातील लग्ने आजोबांच्या लग्नापेक्षा आधी पुसट होऊ लागली आहेत. मोबाईलमधले फोटो तर यंत्राबरोबरच जातात. त्यांच्या प्रती दोन वेगळ्या जागी असाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी. आणि वर्षातून निदान वीस-पंचवीस फोटो निवडून कागदावर उतरवून घ्यावेत. निवडणे हेच खरे कष्टाचे काम आहे, आणि ते बहुतेकजण टाळतात.

परंतु टिकलेला फोटोही मुका असतो, जोवर त्यावर नावे नाहीत. मागची बाजू पाहण्याची सवय लावावी. तेथे क्वचित स्टुडिओचा शिक्का असतो, आणि त्या शिक्क्यात गावापुढे ‘जि. दक्षिण सातारा’ असे छापलेले असेल तर शिक्का बहुधा १९४९ ते १९६० या काळात तयार झाला असे म्हणता येते, कारण जुन्या सातारा जिल्ह्यातून फुटून निघालेल्या जिल्ह्याचे ते नाव तेवढीच वर्षे होते. पुढे तो सांगली झाला. जेथे हस्ताक्षरात नावे लिहिलेली सापडतात तेथे आणखी एक गोष्ट दिसते: पुरुषांची नावे वडिलांच्या नावासह पूर्ण, मुलांची टोपणनावे, आणि स्त्रियांपुढे नुसते ‘सौ. वहिनी’, ‘काकू’, ‘मामी’. दोन पिढ्यांनी ही काकू कोणाची कोण, कोणत्या गावची लेक, हे सांगणारे कोणी उरत नाही. तेव्हा तिचे पाळण्यातले नाव, सासरचे नाव, माहेरचे गाव आणि आडनाव ही सारी लिहून ठेवावीत. मऊ पेन्सिलीने, अक्षर दाबून न काढता, आणि कागद गुळगुळीत असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर. ही नावे ज्यांना ठाऊक आहेत अशी एखादी थोरली जाऊ किंवा आत्या अजून हयात असेल, तर दिवाळीची वाट न पाहता अल्बम घेऊन तिच्याकडे जावे, आणि तिचा चष्मा घरात कोठे ठेवलेला असतो हे आधी विचारून घ्यावे.