कोणाला मिळत नाही, हे लिहायला लावणारा कायदा

दक्षिण आफ्रिकेतली वर्णद्वेषी राजवट नियोजनात कच्ची होती, असे तिचे शत्रूही म्हणणार नाहीत. १९५०च्या ‘ग्रुप एरियाज’ कायद्याने कोणत्या वर्णाच्या माणसाने शहरात कुठे राहायचे हे ठरवून टाकले. डर्बनमध्ये भारतीयांसाठी चॅट्सवर्थ उभे राहिले, काळ्यांसाठी क्वामाशू. नकाशामागे हिशेबही होता. सोवेटोतला मजूर जोहान्सबर्गच्या कारखान्यात राबे आणि पगारही बव्हंशी तिथल्याच दुकानांत खर्च करी. त्या कारखान्यांचा आणि दुकानांचा मालमत्ता कर मात्र गोऱ्यांच्या नगरपालिकेत जमा होई. सोवेटोच्या गटारांना पैसा कुठून येणार? १९८६मध्ये तिथल्या रहिवाशांनी घरभाडे देणेच बंद केले. पुढे त्यांची मागणी स्पष्ट झाली : शहर एक, तर करही एकाच तिजोरीत.

ही पार्श्वभूमी ठाऊक नसेल, तर ‘एकात्मिक विकास आराखडा’ हे शब्द सरकारी परिपत्रकातले वाटतात. तिथे ‘एकात्मिक’ला फार नेमका अर्थ आहे. १९९६च्या राज्यघटनेने नगरपालिकांवर लोकांच्या मूलभूत गरजांना अग्रक्रम देण्याचे बंधन घातले. २०००च्या निवडणुकीआधी सीमा नव्याने आखून ८४३ स्थानिक संस्थांच्या २८४ केल्या. गोरी वस्ती आणि शेजारची काळी वस्ती एका तिजोरीखाली आली. (आज ही संख्या २५७ आहे.) त्याच वर्षीच्या ‘म्युनिसिपल सिस्टिम्स’ कायद्यानुसार प्रत्येक निवडून आलेल्या परिषदेने आपल्या पाच वर्षांच्या मुदतीसाठी एकच आराखडा मंजूर करायचा आणि दरवर्षी तो तपासायचा. जमिनीचा वापर, आपत्ती व्यवस्थापन, किमान तीन वर्षांचा खर्चाचा अंदाज, सगळे त्यातच.

माझ्या मते या कायद्याचे मर्म कलम २६च्या एका उपकलमात आहे. मूलभूत सेवा न मिळणाऱ्या वस्त्या कोणत्या, हे आराखड्यात नमूद केलेच पाहिजे, असे ते सांगते. नगरपालिका आपण काय केले ते हौसेने छापतात. कोणाला काय दिले नाही, ते कोण लिहितो?

आपल्याकडे हे धागे सुटे आहेत. महाराष्ट्रात शहराचा ‘डीपी’ १९६६च्या नगररचना कायद्याखाली होतो, वीस वर्षांच्या दृष्टीने. तो मुख्यतः जमिनीवरच्या आरक्षणांचा दस्तऐवज. महापालिकेचा अर्थसंकल्प दरवर्षी वेगळ्या वाटेने येतो. घटनेच्या कलम २४३ झेडडीने जिल्हा नियोजन समितीवर ग्रामीण व नागरी आराखडे एकत्र गुंफण्याचे काम सोपवले आहे. पण पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या बैठकीची बातमी येते ती निधीवाटपाची.

म्हणून दक्षिण आफ्रिकेत सारे आलबेल आहे असे मात्र नाही. शाळा आणि दवाखाने बहुतांशी प्रांताच्या हाती. नगरपालिकेने आराखड्यात लिहिले म्हणून प्रांत ते बांधतोच असे नाही. छोट्या गावांत करच गोळा होत नाही, अभियंता मिळत नाही, मग आराखडा बाहेरचा सल्लागार लिहितो. महालेखापरीक्षकांच्या २०२१-२२च्या तपासणीत २५७पैकी अवघ्या ३८ नगरपालिका निष्कलंक ठरल्या. या तपासणीत हिशेबाबरोबर कामगिरीचा अहवालही जोखला जातो.

तरीही लिहिलेल्या कागदाचा एक उपयोग होतो : तो हातात घेऊन मोजता येते. २०१३मध्ये केपटाउनजवळच्या खायेलित्शात ‘सोशल जस्टिस कोअलिशन’च्या कार्यकर्त्यांनी आणि रहिवाशांनी फिरत्या शौचालयांच्या ठेक्याचा करार मिळवला आणि वस्तीत फिरून एकेक शौचालय मोजले. करारातल्या संख्येपेक्षा ती कमी निघाली आणि होती त्यांतली बरीच वापरण्याजोगी नव्हती, असा अहवाल त्यांनी जाहीर सभेत अधिकाऱ्यांपुढे ठेवला.