वजन जास्त असताना स्तन लहान करण्याची शस्त्रक्रिया

खांद्यांवर ब्रेसियरच्या पट्ट्यांचे खोल वळ, मान-पाठीचे दुखणे, उन्हाळ्यात स्तनांखालच्या घडीत उठणारी पुरळ. हा त्रास वर्षानुवर्षे सोसून एखादी बाई दवाखान्यात विषय काढते, तेव्हा बरेचदा एकच उत्तर मिळते: आधी वजन उतरवा. या सांगण्यात तथ्य आहे, पण विषय तिथेच संपायला नको.

पहिल्या भेटीआधी आपण त्रासाची नोंद करावी. काय दुखते, कधीपासून, कोणती औषधे वा मलमे वापरली, व्यायामाने फरक पडला का, सगळे लिहावे. डॉक्टर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी आहेत ना, हे विचारायला संकोच नको.

तिथे आपला बीएमआय काढतात. किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, म्हणजे बीएमआय. उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो असेल, तर तो साधारण ३४ येतो. बरेच सर्जन तो ३० किंवा ३५ च्या आत असावा असे म्हणतात. मर्यादा प्रत्येकाची वेगळी. या उदाहरणात ३० वर यायला सुमारे १० किलो उतरवावे लागतील.

हा आकडा आपल्या शिस्तीची परीक्षा घेण्यासाठी नसतो. चरबीला रक्तपुरवठा कमी असतो. त्यामुळे बीएमआय वाढतो तशी जखम उशिरा भरण्याची, जंतुसंसर्गाची, चरबीचा भाग निकामी होऊन गाठ बनण्याची शक्यता वाढते. भूल देणेही अवघड होते, विशेषतः झोपेत श्वास अडकत असेल तर. घोरण्याबद्दल जरूर सांगावे. बायका ते लाजेपोटी लपवतात. दुसरी बाजूही खरी आहे: वजन जास्त असलेल्या स्त्रियांनाही या शस्त्रक्रियेने मान-पाठीच्या दुखण्यातून चांगला आराम मिळतो. म्हणून ‘वजन उतरवा’ एवढे ऐकून परतू नये. किती उतरवायचे, आणि तेवढे नाही उतरले तर माझ्या बाबतीत नेमका धोका कोणता, हे विचारावे.

वजन उतरल्यावर स्तन लहान होतात का? स्तनात दूधग्रंथी आणि चरबी दोन्ही असतात. चरबी जास्त असेल तर फरक पडतो, ग्रंथी जास्त असतील तर फारसा नाही. शस्त्रक्रियेनंतर वजन बरेच उतरले, तर बसवलेला आकार पुन्हा ओघळतो. म्हणून आधी काही महिने वजन स्थिर असलेले बरे.

इथेच बहुतेकींचे गाडे अडते. जड स्तनांमुळे धावता येत नाही, आणि व्यायामाविना वजन उतरवणे कठीण जाते. मापाची, घट्ट आधार देणारी ब्रेसियर, पोहणे किंवा जागेवरची सायकल यांनी सुरुवात करता येते. उपाशी राहून घाईने वजन उतरवू नये. प्रथिने कमी पडली की टाके नीट भरत नाहीत.

मग तपासण्या: रक्त, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि चाळिशीनंतर मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. सिगारेट सोडा म्हटले की आपण मान डोलावतो, पण मिश्री? तीही तंबाखूच. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि स्तनाग्राचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर सिगारेट आणि मिश्री दोन्ही पूर्ण बंद हव्यात.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि साधारण दोन ते चार तास चालते. जादा ग्रंथी, चरबी व त्वचा काढून स्तनाग्र वर सरकवतात. टाके बहुधा उलट्या इंग्रजी ‘टी’सारखे असतात, दोन रेषा मिळतात तिथे जखम उघडण्याचा संभव सर्वाधिक. व्रण कायम राहतात. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजणेही कठीण जाऊ शकते. मूल हवे असेल तर हे आधीच बोलावे.

घरी आल्यावर थोडे थोडे चालावे, म्हणजे पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो. सुमारे सहा आठवडे पाण्याच्या कळशा, गॅसचा सिलिंडर, कडेवर मूल, काहीही उचलू नये. ताप, वाढती लाली किंवा एकाच बाजूची अचानक सूज दिसली तर लगेच दवाखाना गाठावा. श्वास लागला तर थेट आपत्कालीन विभागात जावे.

खर्चाची बोलणी मात्र आधीच उरकावीत. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही. म्हणून आपली शस्त्रक्रिया ही वैद्यकीय गरज असल्याचे डॉक्टरांनी लेखी द्यावे लागते. सुरुवातीला केलेली त्रासाची नोंद विम्याच्या अर्जाला जोडावी आणि कंपनीची मंजुरी लेखी घेऊनच तारीख ठरवावी.