कसेल त्याचा कोड, पण नाव कोणाचं?

जानेवारी २००३. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात मॅट मुलेनवेग नावाचा १९ वर्षांचा विद्यार्थी पेचात पडला होता. त्याचा ब्लॉग ‘बी-टू’ नावाच्या सॉफ्टवेअरवर चालायचा. मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणाने ते लिहिलं आणि सगळ्यांना फुकट वाटलं. मग हा मिशेलच दिसेनासा झाला. कित्येक महिने नवी आवृत्ती नाही, दुरुस्ती नाही, त्याचा ठावठिकाणाही नाही. बी-टू वापरणारे लोक जगात जेमतेम दोनेक हजार, त्यामुळे त्यांच्यासाठी आरडाओरडा करणारंही कोणी नव्हतं.

एखाद्या कंपनीचं बंदिस्त सॉफ्टवेअर असं वाऱ्यावर सुटलं की विषय संपतो. आतलं काही दिसत नाही, त्यामुळे दुरुस्त करता येत नाही. बी-टूचं तसं नव्हतं. त्याचा सगळा कोड उघडा होता आणि परवानाही तसाच मोकळा होता. २४ जानेवारीला मुलेनवेगने आपल्या ब्लॉगवर लिहिलं, की आहे तोच कोड घेऊन आपल्याला पुढे जाता येईल. दुसऱ्याच दिवशी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टहून माइक लिटल यांनी कळवलं, की खरंच करणार असाल तर मीही हातभार लावीन. दोघांची तोवर भेटही झालेली नव्हती. २७ मे २००३ रोजी त्यांची पहिली आवृत्ती आली. तिचा क्रमांक १ नव्हता, ०.७ होता, कारण बी-टू ०.६ वर थांबलं होतं. नाव मात्र कोरं करकरीत, ख्रिस्टीन सेलेक ट्रेमुले या मैत्रिणीने सुचवलेलं. ते नाव म्हणजे वर्डप्रेस. आज जगातल्या दर दहा संकेतस्थळांपैकी चार त्यावर चालतात.

क्रमांक जुन्याच्या पुढचा आणि नाव नवं, या एवढ्याशा गोष्टीत टाकलेलं सॉफ्टवेअर सांभाळायला घेण्याची सगळी रीत आली.

आधी परवान्याचं बघू. बी-टू ‘जीपीएल’ या परवान्याखाली होतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये तो पहिल्यांदा आणला. सॉफ्टवेअर वापरा, आत डोकावा, बदला आणि दुसऱ्याला द्या, एवढी मोकळीक तो देतो. अट एकच मोठी: बदललेलं पुढे वाटाल तर त्याच मोकळिकीने वाटा, आणि मूळ लेखकाचा हक्कनामा पुसू नका. असा कोड घेऊन वेगळी वाट धरण्याला या धंद्यात ‘फोर्क’ म्हणतात. आपल्याकडे हमरस्त्याला फाटा फुटतो, तसंच हे. त्यासाठी मूळ मालकाची सही लागत नाही. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा आपण कूळकायद्याच्या काळापासून ऐकत आलो. इथे कसेल त्याचा कोड.

पण जमीन कसायला मिळाली म्हणून वेशीवरच्या पाटीवर हक्क लागत नाही. जीपीएल कोड देतो, नाव देत नाही. नावासाठी ट्रेडमार्कचा कायदा आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. लोक ॲप घेतात ते कोड वाचून नव्हे. नाव ओळखीचं असतं, म्हणून घेतात. त्या नावामागे उभा असलेला माणूस बदलला, तर ते लोकांना कळायला हवं. नवं नाव हे काम करतं.

अँड्रॉइडमध्ये ही गोष्ट यंत्रणेतच बसवलेली आहे. प्रत्येक ॲपवर ते बनवणाऱ्याच्या गुप्त किल्लीची डिजिटल सही असते. फोनमध्ये असलेल्या ॲपची नवी आवृत्ती आली की फोन आधी सही ताडून पाहतो, आणि ती जुळली नाही तर अपडेट नाकारतो. कोड सगळ्या जगाला खुला असला तरी किल्ली मूळ मालकाकडेच राहते. म्हणून फाटा फोडणाऱ्याला नवी ओळख घेऊन नवं ॲप काढावं लागतं, आणि आपल्याला ते वेगळं उतरवून जुनी माहिती त्यात हलवावी लागते. कटकट आहे खरी, पण याच कटकटीमुळे कोणी परका आपल्या फोनमध्ये परस्पर घुसत नाही.

किल्ली आणि नाव दोन्ही हाती पडलं तर काय होतं, ते २०१८ मध्ये दिसलं. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हा प्रोग्रामरांच्या वापरातला एक छोटा तुकडा. आठवड्याला दहा लाखांहून जास्त वेळा उतरवला जायचा. लेखकाला त्याचा कंटाळा आला होता. एका अनोळखी माणसाने ‘मी सांभाळतो’ म्हटलं आणि लेखकाने प्रकाशनाचे हक्क देऊन टाकले. नाव तेच राहिलं. सप्टेंबरमध्ये त्या माणसाने आणखी एक बारका तुकडा त्याला जोडला, आणि त्यातून ‘कोपे’ या बिटकॉइन पाकिटावर डल्ला मारणारा कोड आत सरकवला. हे उघडकीला यायला नोव्हेंबर उजाडला. रोजच्या दूधवाल्याच्या किटलीत कोणी रोज बोट बुडवून पाहत नाही, तसंच ते झालं.

उलट उदाहरण २०२३ च्या अखेरचं. ‘सिंपल मोबाइल टूल्स’ म्हणजे जाहिराती नसलेली, साधी, अँड्रॉइडवरची गॅलरी, कॅलेंडर, डायलर अशी ॲप्स. मूळ लेखकाने ती एका कंपनीला विकली. नाव आणि प्ले स्टोअरवरची जागा नव्या मालकाकडे गेली. पण तोवरचा कोड जीपीएलखाली खुला होता, आणि तो परत घेता येत नाही. आधीपासून हातभार लावणाऱ्यांनी तोच कोड उचलला, ‘फॉसिफाय’ असं नवं नाव दिलं आणि काम पुढे चालू ठेवलं. ज्यांना जुन्या नावाबरोबर राहायचं होतं ते राहिले, बाकीचे इकडे आले. निवड वापरणाऱ्याने केली.

मात्र नाव बदललं म्हणजे सगळं रीतसर झालं, असंही नाही. याचा धडा वर्डप्रेसच्याच घरात मिळाला. २०२४ मध्ये मुलेनवेग आणि ‘डब्ल्यूपी इंजिन’ ही कंपनी यांच्यात, वर्डप्रेसच्या नावाचा धंद्यासाठी वापर कोणी किती करावा यावरून जुंपली. ऑक्टोबरमध्ये त्या कंपनीचं ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ हे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा एक तुकडा, वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात मुलेनवेगच्या बाजूने ताब्यात घेण्यात आलं आणि त्याचं ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ झालं. कारण सुरक्षेचं दिलं गेलं. कोड खुला होता, त्यामुळे फाटा फोडायला हरकत नव्हती. पण हे प्लगइन बेवारस नव्हतं, त्याचे सांभाळणारे जागेवर होते. शिवाय नाव बदललं तरी भांडारातला पत्ता जुनाच ठेवला, त्यामुळे पूर्वीचे वापरणारे आपोआप नव्या मालकाकडे आले. डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने ती जागा मूळ कंपनीला परत मिळाली.

म्हणूनच जुनीजाणती मंडळी या कामात घाई करत नाहीत. डेबियन या लिनक्स-कुटुंबात सांभाळणारा उरला नाही, तर त्या पॅकेजची नोंद अधिकृतपणेच ‘अनाथ’ अशी होते, आणि घेणाऱ्याला दत्तक घेण्याचा इरादा आधी सगळ्यांसमोर जाहीर करावा लागतो. इतरत्र असा लेखी नियम नसला तरी रीत साधारण तीच: मूळ लेखकाला पत्र टाका, उत्तराची वाट पाहा, आपल्या दुरुस्त्या आधी त्याच्याच दारात ठेवा. दार उघडलंच नाही, तर आपलं नाव लावून वेगळं बिऱ्हाड करा.

तेव्हा ओळखीचं ॲप नव्या नावाने समोर आलं तर बिचकू नका, कोण सांभाळतंय ते वाचा आणि ठरवा. नाव तेच आणि मालक नवा, असं ॲप दिसलं तर मात्र ते कोणकोणत्या परवानग्या मागतंय ते नीट तपासा.

मिशेल वाल्द्रिगी पुढे परत आला. त्याने वर्डप्रेसला बी-टूचा अधिकृत वारस मानलं आणि स्वतःही त्या कामात सामील झाला. आपल्या सातबाऱ्यावर फेरफार झाला की पूर्वी जुन्या खातेदाराच्या नावाला कंस व्हायचा, पण नाव नाहीसं होत नसे. वर्डप्रेस उतरवलं की त्याच्यासोबत परवान्याची एक साधी फाइल येते. तिच्यात बी-टूचं नाव, २००१ आणि २००२ ही सालं आणि मिशेल वाल्द्रिगी हे नाव आजही आहे.