ओठाचा फरक

तांदूळ निवडत बसलेली आजी आठवली, की मला प्रयोगशाळा आठवते. ताटात तांदूळ पसरून ती खडा इतक्या सहज उचलायची, की खडेच आपणहून तिच्या बोटाला चिकटतात असे वाटावे. पुढे भूशास्त्र शिकताना मीही हेच काम केले. ताट काळ्या पत्र्याचे, बोटाऐवजी दोन-चार केसांचा ओला कुंचला, आणि निवडायचे ते अरबी समुद्राच्या तळच्या गाळातले फोरॅमिनिफेरा!

नाव अवघड, पण जीव साधा, एकपेशीय. यांतले काही समुद्राच्या वरच्या थरात तरंगत जगतात, अंगाभोवती चुन्याचे कवच बांधतात आणि वाढतील तशी त्याला एकेक खोली जोडत जातात. मेल्यावर कवच तळाशी जाते. तिथला गाळ ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतला, की खसखशीहून बारीक अशी ही रिकामी घरे उरतात. चाळणी आधी मेथिलीन ब्ल्यूच्या पाण्यात बुडवायची. मागच्या नमुन्याचा चुकार दाणा राहिलाच, तर निळा होऊन सापडतो. एका नमुन्यातले साधारण तीनशे दाणे ओळखून मोजायचे, असा रिवाज.

माझी फजिती झाली ती दोन सख्ख्या दिसणाऱ्या जातींत. ग्लोबिजेरिना बुलॉइड्स ही जुनी मंडळी. द'ऑर्बिन्यी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२६ मध्ये तिचे नाव ठेवले. दुसरी ग्लोबिजेरिना फाल्कोनेन्सिस, व्हेनेझुएलातल्या फाल्कोन प्रांतावरून १९५९ मध्ये ब्लो यांनी नाव दिलेली. दोघींचीही शेवटच्या वेढ्यात बहुधा चार फुगीर खोल्यांची मोळी, दोघींचेही तोंड मधोमध. मी सगळ्या एकाच रकान्यात टाकल्या आणि आठवड्याचे काम दोन दिवसांत उरकल्याच्या आनंदात वही सरांपुढे ठेवली.

सरांनी पट्टीवरचा एक दाणा कुंचल्याने फिरवला. ‘‘ओठ पाहिलास का?’’ एवढेच विचारले.

बुलॉइड्सचे तोंड मोठे, कमानदार आणि बिनओठाचे. फाल्कोनेन्सिसच्या तोंडावर मात्र पातळशी कड पुढे आलेली असते, तोच ओठ. शिवाय तिची शेवटची खोली बरेचदा आधीच्या खोलीहून लहान. दाणा पाठमोरा असेल, तर यातले काहीच दिसत नाही. तोंड मातीने भरले असेल, तरीही नाही.

एवढ्या ओठाचे काय घेऊन बसायचे, असे मलाही तेव्हा वाटले. पण हिशेब पाहा. उन्हाळी मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्यालगत जोराने वाहतात, वरचे पाणी दूर लोटतात, खालून गार, खतावलेले पाणी वर येते आणि त्यात बुलॉइड्सचे पीक येते. म्हणून गाळातले तिचे प्रमाण म्हणजे जुन्या पावसाळी वाऱ्यांची जणू नोंदवही. ओमानजवळच्या गाळातून अशाच मोजणीवरून अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये गेल्या सुमारे दहा हजार वर्षांतला मोसमी वाऱ्यांचा चढउतार मांडला. फाल्कोनेन्सिस मात्र ईशान्य अरबी समुद्रात हिवाळी वाऱ्यांनी पाणी थंडावून घुसळले जाते, त्या दिवसांची. दोघींची बेरीज केली, की हिवाळ्याची थंडी पावसाळ्याच्या खात्यावर जमा! ज्या वर्षांत नैर्ऋत्य वारा कदाचित रोडावला होता, तीही माझ्या वहीत भरघोस ठरणार होती.

मी सगळे दाणे पुन्हा मोजले. एकेक दाणा तोंड वर करून ठेवायचा, उजेड कडेने सोडायचा. दिवसाला जेमतेम एक नमुना. पुढे डीएनए तपासू लागल्यावर तर बुलॉइड्स या एका नावाखालीच अनेक वेगळे वंश निघाले. पण हजारो वर्षांच्या गाळात डीएनए सहसा हाती लागत नाही. तिथे अजूनही कवचाचे तोंडच पाहावे लागते.

ती वही माझ्याकडे आहे. ‘बुलॉइड्स’ खालचे आकडे खोडलेले, शेजारी ‘फाल्कोनेन्सिस’चा नवा रकाना. आणि त्यापुढे पेन्सिलीने आखलेला तिसरा: ‘ओठ तुटलेला असावा, सांगता येत नाही’.