वळू कळपात कधी सोडायचा?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात माणसांच्या सुमारे तिप्पट गुरे आहेत. राज्याचा जवळजवळ चौथा भाग सँडहिल्स या गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्यांनी व्यापला आहे आणि तिथल्या रँचवर मांसासाठी गाई पाळतात. धारा काढायच्या नसतात. वासरू आईच्या अंगावर वाढते आणि दूध तोडल्यावर विकले जाते. त्यामुळे एखादे कुटुंब, फार तर एखादा गडी हाताशी घेऊन, शेकडो गाई सांभाळू शकते. हे गणित बिघडते ते विण्याच्या हंगामात. रात्र-रात्र फेऱ्या, अडलेली पहिलारू, गारठलेले वासरू, हगवण. माणसे मिळत नाहीत ही तक्रार निघाली की मोठा ट्रॅक्टर, नवी यंत्रे असाच विचार होतो. माझ्या मते खरी बचत वेळापत्रकात आहे.

तिथली जुनी रीत मार्चच्या आसपास गाई विण्याची. तेव्हा थंडी असते, गवत उगवलेले नसते, आणि दुभत्या गाईची भूक सर्वांत मोठी असते. म्हणजे साठवलेली वैरण ट्रॅक्टरने रोज कळपापर्यंत न्यायची आणि वर बर्फात वासरे जपायची. मार्च 2019 मधल्या हिमवादळाने आणि पुराने ऐन हंगामात असंख्य वासरांचा बळी घेतला. नेब्रास्का विद्यापीठाच्या गुडमन्डसन केंद्रावर गाई जूनमध्ये विण्याचा प्रयोग झाला. गाईची भूक आणि कुरणातले गवत एकाच वेळी भरात आल्यामुळे वैरणही कमी लागली आणि श्रमही. याच विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी हगवणीवरही असाच उपाय काढला: व्यालेल्या गाई-वासरांना जागीच ठेवून, न व्यालेल्या गाभण गाई दर आठवड्याला नव्या कुरणात न्यायच्या. नवी वासरे थोरल्या वासरांच्या जंतूंपासून दूर राहतात, औषधे पाजत फिरण्याचे काम वाचते.

दिवसाचे वेळापत्रकही बदलता येते. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातले पशुपालक गस कोनेफल यांनी गाईंना दुपारच्या सुमारास आणि रात्री साडेनऊ-दहाला चारा देऊन पाहिले. सुमारे 80 टक्के गाई सकाळी सात ते संध्याकाळी सातच्या दरम्यान व्याल्या. नंतरच्या एका कॅनेडियन अभ्यासात सकाळी आणि दुपारी चारा मिळालेल्या गटात दिवसा विण्याचे प्रमाण 38 टक्केच होते. पुढे आयोवात 15 शेतांवरच्या 1,331 गाईंना फक्त तिन्हीसांजेला चारा दिला गेला, तेव्हा 85 टक्के गाई सकाळी सहा ते संध्याकाळी सहामध्ये व्याल्या. रात्रीची जाग्रणे कमी करणारा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की माणसांचे तास घटले की जनावरांकडे दुर्लक्ष होते. उलट दिवसाउजेडी व्यालेल्या गाईला मदत लवकर मिळते. गुरे हाकण्याचेच पाहा. अमेरिकी पशुवर्तन-तज्ज्ञ टेम्पल ग्रँडिन यांनी दाखवून दिले की जनावराच्या खांद्याच्या मागे उभे राहिले तर ते पुढे जाते, पुढे उभे राहिले तर मागे सरते. अरुंद वाटेवर लोंबणारी साखळी किंवा जमिनीवरची तीव्र सावली दिसली तरी ते थबकते. साखळी काढली, आरडाओरडा थांबवला की तोच कळप लसीकरणाच्या खोड्यातून कमी माणसांत पार होतो आणि जनावरेही बिथरत नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जूनची वासरे शरद ऋतूच्या बाजारात हलकी भरतात, आणि माजाच्या काळात गवताचा कस उतरल्याने कोवळ्या गाई गाभण राहण्याचे प्रमाण घटू शकते. हे खरे आहे. त्यांना पूरक खुराक द्यावा लागतो. पण हलक्या वासराला किलोमागे भाव बहुधा जास्त मिळतो, आणि वाचलेली वैरण व श्रम हिशेबात धरले तर नुसत्या वजनावर निकाल देणे चूक ठरते.

म्हणून हात कमी पडत असलेल्या रँचवाल्याने यंत्रासाठी कर्ज काढण्याआधी वळू कळपात सोडण्याची तारीख तपासावी. गाईचा गर्भकाळ सुमारे 283 दिवसांचा असतो. जूनमध्ये वासरे हवी असतील तर वळू सप्टेंबरमध्ये सोडावा लागतो.